संसारांतील श्रद्धा

धर्माचा उपयोग काय, हा प्रश्न कोणी उघडपणें विचारला म्हणजे भाविक मनुष्य किंचित् दुखावतो. देवाशीं संबंध ठेवावयाचा म्हणजे कांहीं वाण्याच्या दुकानांतला सौदा नव्हे, कीं चार आणे टाकले आणि चार आण्यांचा माल पदरांत पडला. तरीसुद्धां हा प्रश्न सर्वस्वी गैर आहे असें म्हणवत नाहीं. ज्या श्रद्धेचा चुलीपाशीं, पाळण्यापाशीं किंवा आजाऱ्याच्या उशापाशीं कांहींच परिणाम दिसत नाहीं, ती मुळांत आहे कीं नाहीं याचा संशय शेजाऱ्यापाजाऱ्यांना येतो, आणि तो बहुधा बरोबर असतो. रविवारीं उपासनेला बसलेल्या मनुष्याकडे पाहून त्याच्या धर्माची परीक्षा होत नाहीं. ती सोमवारीं सकाळीं होते. दूध नासलेलें असतें, मूल किरकिरत असतें, आणि महिना संपावयास अजून आठ दिवस असून डब्यांत पैसा नसतो, अशा वेळीं.

ख्रिस्ती श्रद्धेपासून श्रद्धावंताला या रोजच्या रहाटींत काय मिळतें, हें पाहण्यासाठीं मराठी वाचकाला दूर जावयास नको. एका मराठी ख्रिस्ती घराची हकीगत त्या घरच्या गृहिणीनेंच लिहून ठेविली आहे, आणि ती इतक्या मोकळ्या मनानें लिहिली आहे कीं तींत धर्माची जाहिरात शोधूं जाणाराची निराशाच व्हावी. हें घर रेव्हरंड नारायण वामन टिळक व त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचें, आणि ती हकीगत म्हणजे १९३४ ते १९३६ या काळांत चार भागांत प्रसिद्ध झालेलीं ‘स्मृतिचित्रें’. धर्मशास्त्राच्या जाड्या ग्रंथांतून जें सहसा हातीं लागत नाहीं, तें या ग्रंथांत भांड्यांच्या खडखडाटांतून आणि नवराबायकोच्या भांडणांतून सांपडतें.

आरंभ मात्र लाभानें होत नाहीं, हानीनें होतो. कोंकणांत जन्मलेले टिळक १८९३ सालीं आगगाडीनें राजनांदगांवाकडे जात असतां डब्यांत एका युरोपियन गृहस्थाशीं त्यांचें बोलणें झालें, आणि त्या गृहस्थानें त्यांना नव्या कराराची एक प्रत दिली. टिळकांनीं ती वाचावयास घेतली, आणि डोंगरावरील प्रवचनाशीं येऊन ते थबकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. वीस शतकांच्या धर्माचा एका विद्वान् ब्राह्मणाच्या घरावर पहिला परिणाम काय झाला, तर तें घर मोडलें. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन नातलगांच्या आश्रयाला गेल्या. पंढरपुरांत त्यांनीं दिवस काढले. त्या काळच्या ब्राह्मण समाजांत नवरा बाटला म्हणजे बायकोची स्थिति काय होई, याची कल्पना आज करणें कठीण आहे. तिला सवाष्ण म्हणावें कीं विधवा म्हणावें, हेंच कोणाला ठरवितां येत नसे. कुंकू कपाळावर आहे, नवरा जिवंत आहे, आणि तरी त्याच्या हातचें पाणी चालत नाहीं!

येथें एक गोष्ट नजरेआड होऊं देतां कामा नये. १८६६ सालीं सरकारनें असा कायदा केला होता कीं, एखाद्यानें ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्या कारणानें त्याची पत्नी त्याच्याशीं संसार करीनाशी झाली, तर न्यायालयाकडे अर्ज करून त्याला विवाहबंधनांतून मोकळें होतां येई. टिळकांचें वय तेव्हां तिशीपलीकडे थोडेंच गेलें होतें. दुसरा संसार मांडावयास कायद्याची आडकाठी अशी राहिली नसती. त्यांनीं त्या वाटेला पाऊल टाकलें नाहीं. ते पत्रें लिहीत राहिले आणि वाट पाहत राहिले. टिळक हे मुळचे कमालीचे उतावळे गृहस्थ. एखादी कल्पना डोक्यांत आली कीं पायांत वहाणा घालण्याइतकाही धीर त्यांना नसे, असें त्यांचें वर्णन करावें लागेल. अशा मनुष्यानें सुमारें चार-पांच वर्षें वाट पाहिली, हा त्यांच्या स्वभावाचा गुण नव्हे हें उघड आहे. तो कोठून आला, याचें उत्तर ज्याचें त्यानें शोधावें. टिळकांचें स्वतःचें उत्तर काय असतें, याविषयीं मात्र शंका नाहीं.

लक्ष्मीबाई परत आल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठीं आल्या नाहींत, नवऱ्यासाठीं आल्या. आरंभीं त्यांनीं आपलें सोवळेंओवळें सोडलें नव्हतें, आणि तें सहजासहजीं सुटण्यासारखेंही नव्हतें. नाशिकजवळच्या जलालपुरांतील ज्या गोखल्यांच्या घरांत त्या वाढल्या, तेथें वडिलांना सोवळ्याचें जवळजवळ वेड होतें. बाजारांतून आणलेला जिन्नस धुऊन घेतल्याखेरीज घरांत यावयाचा नाहीं, कोणाचा स्पर्श झाला कीं पुन्हां स्नान, अशा शिस्तींत सारें कुटुंब हैराण झालेलें. विटाळाचें भय हेंच त्या घराचें मुख्य दैवत होतें म्हटलें तरी चालेल. पुढें राहुरीस असतां लक्ष्मीबाईंच्या मनांत एक साधा प्रश्न उभा राहिला: जात देवानें केली कीं माणसानें? पशूंपशूंत देवानें जो भेद ठेविला आहे तो डोळ्यांना दिसतो. माणसामाणसांत तसा तो कोठें दिसत नाहीं. मग हा भेद केला कोणी? या प्रश्नाचें उत्तर मिळतांच त्यांनीं ठरविलें कीं, यापुढें कोणाच्याही हातचें खावयाचें. पाठोपाठ, १९०० सालीं, राहुरीसच त्यांचा बाप्तिस्मा झाला.

या प्रसंगाकडे समाजसुधारणेच्या दृष्टीनें पुष्कळांनीं पाहिलें आहे. गृहिणीच्या दृष्टीनें त्याकडे क्वचितच कोणी पाहतें. विटाळाची धास्ती ज्या बाईच्या मनांतून गेली तिचे दिवसाचे किती तास मोकळे झाले, याचा हिशेब मांडावा! त्यापेक्षांही महत्त्वाचें म्हणजे तिचे हात मोकळे झाले. तो काळ १८९९-१९०० च्या दुष्काळाचा. नगर जिल्ह्यांत माणसें अन्नान्न करीत फिरत होतीं, आणि आईबाप गमावलेलीं, अंगावर खरूज आणि डोक्यांत उवा असलेलीं मुलें मिशनच्या दारीं येत होतीं. त्या मुलांना न्हाऊं घालावयाचें, त्यांच्या जखमा धुवावयाच्या, त्यांना जवळ घेऊन निजवावयाचें. सोवळ्याच्या भिंतीआड राहून हें काम कोण करूं शकणार होतें? लक्ष्मीबाईंनीं पोरकीं मुलें आपल्या घरांत घेतलीं आणि आपल्या पोरांप्रमाणें वाढविलीं. ज्या घरांत एकेकाळीं शिवाशिवीच्या भयानें माणसें एकमेकांपासून दूर बसत, त्या घरच्या मुलीच्या मांडीवर कोणाकोणाचीं लेकरें झोपीं जाऊं लागलीं. श्रद्धेचा नित्याच्या जीवनांतील लाभ म्हणून जर कांहीं एकच गोष्ट दाखवावयाची असेल, तर ही दाखवावी. भय गेलें, आणि भयाच्या जागीं काम आलें.

आतां कोणी असें समजेल कीं, बाप्तिस्म्याचें पाणी पडतांच या दांपत्याचे स्वभाव पालटले आणि घरांत अखंड शांति नांदूं लागली. तसें कांहींएक झालें नाहीं. टिळक ख्रिस्ती झाल्यावरही पूर्वीइतकेच तापट राहिले, पूर्वीइतकेच विसराळू राहिले, आणि पैशाच्या बाबतींत तर पूर्वींपेक्षांही उधळे झाले असावेत. हातांतला पैसा मागणाराला देऊन मोकळ्या हातानें घरीं यावें, आणि बायकोनें रात्रीच्या पिठाची काळजी करावी, हा क्रम चालूच राहिला. लक्ष्मीबाई कांहीं मुकाट्यानें सोसणाऱ्या नव्हेत. त्यांच्या जिभेला धार होती. श्रद्धेनें मनुष्याचा पिंड बदलतो असें प्रवचनकार सांगतात खरे. अनुभव मात्र असा दिसतो कीं पिंड बहुधा तोच राहतो, आणि त्याला एक लगाम मिळतो. तो लगामही कधीं कधीं सुटतो.

तो लगाम कोणता, हें ख्रिस्ती घरांतील सायंप्रार्थना ज्यानें पाहिली असेल त्याला सहज समजेल. दिवेलागणीनंतर किंवा जेवण झाल्यावर घरचीं सारीं माणसें एकत्र बसतात. शास्त्रांतील एखादा भाग वाचला जातो, एखादें गीत होतें, आणि मग प्रभूनें शिकविलेली प्रार्थना म्हणतात. त्या प्रार्थनेची रचना मोठी मार्मिक आहे. तींत रोजच्या भाकरीची मागणी आहे, आणि तिला लागूनच क्षमेची मागणी आहे. पण क्षमा मागणाराला ती फुकट मिळत नाहीं. आपण जशी इतरांना क्षमा केली तशी आम्हांला कर, अशी अट मागणारा स्वतःच घालून घेतो. ज्या नवराबायकोंचें दुपारीं कडाक्याचें भांडण झालें, त्यांना रात्रीं एकाच चटईवर बसून हे शब्द एकमेकांच्या कानांवर पडतील अशा आवाजांत म्हणावे लागतात. कोणी ते नुसतें तोंडानें म्हणत असतील. पण रोज, वर्षानुवर्षें, अबोला मोडण्याची अशी एक ठरलेली वेळ घरांत असणें, ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. पुष्कळशा संसारांत भांडणाला कारण लागत नाहीं, मात्र तें मिटविण्यासाठीं निमित्त लागतें. आणि पहिला शब्द कोणी बोलावयाचा या अडचणीपायीं आठवडे निघून जातात.

नव्या धर्मांत आलेल्या मनुष्याला आणखी एक उणीव फार जाणवते, ती गाण्याची. इंग्रजी चालींवर बसविलेलीं गीतें मराठी बाईच्या ओठांवर रुळत नाहींत. जात्यावर बसून तीं गातां येत नाहींत. टिळकांनीं ही उणीव ओळखली. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलों, असें ते मानीत, आणि तो पूल त्यांनीं मागें वळून मोडून टाकला नाहीं. त्यांनीं ख्रिस्तावर अभंग रचिले, शेंकडों भजनें रचिलीं. ‘अभंगांजलि’ तर त्यांच्या भक्तीचा गाभाच आहे. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या पुस्तकांत त्यांच्या गीतांचा वाटा फार मोठा आहे. हें काम अगदींच नवें होतें असें नाहीं. फादर स्टीफन्स यांचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं गोमंतकांत छापून निघालें होतें, आणि मराठी भाषेचें कौतुक त्या परक्या माणसानें ज्या प्रेमानें केलें आहे तें पाहून आपल्याच माणसांना लाज वाटावी. परंतु टिळकांचीं गीतें घराघरांत शिरलीं. आईच्या तोंडून पाळण्यावर, म्हातारीच्या तोंडून आजारपणांत, आणि शेवटीं मृताच्या उशाशीं तींच गीतें म्हटलीं जाऊं लागलीं. दुःखाच्या वेळीं मनुष्याला स्वतःचे शब्द सुचत नाहींत. त्या वेळेसाठीं आपल्या भाषेंत, आपल्या चालीवर शब्द तयार असणें, हा श्रद्धेनें घराला दिलेला एक मोठा ठेवाच म्हटला पाहिजे.

त्या घराचें दार ख्रिस्ती माणसांपुरतेंच उघडें होतें असेंही नव्हे. १९०७ सालीं जळगांवच्या कविसंमेलनांत टिळकांना एक सतरा वर्षांचा पोर भेटला. त्र्यंबक बापूजी ठोंबरे त्याचें नांव. पुढें हाच बालकवि टिळकांच्या घरीं नगरास येऊन राहिला आणि लक्ष्मीबाईंच्या मायेंत वाढला. तो ख्रिस्ती झाला नाहीं, आणि त्यानें व्हावें म्हणून त्या घरानें आपल्या मायेची किंमतही मागितली नाहीं. धर्मप्रसाराला वाहून घेतलेल्या घरांत हें घडावें, हें त्या श्रद्धेच्या आरोग्याचें लक्षण आहे.

याच काळांत पुण्याहून फार दूर नसलेल्या केडगांवीं श्रद्धेचा एक निराळा संसार उभा होता. पंडिता रमाबाईंचें चरित्र सर्वांना ठाऊक आहे. दुष्काळांत आईबाप गेले, कलकत्त्यास ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या, विवाहाला दोन वर्षें होतात न होतात तोंच १८८२ सालीं पतीचा पटकीनें अंत झाला, आणि १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. १८८९ सालीं मुंबईस शारदा सदन निघालें, पुढल्या वर्षीं तें पुण्यास आलें. १८९३ सालीं सदनांतील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा संस्कार होतो म्हणून जें वादळ उठलें, त्यांत रानडे-भांडारकरांसारखे सल्लागारही दूर झाले, आणि पालकांनीं मुली काढून नेल्या. त्या वादांत सारा न्याय एकाच बाजूला होता असें म्हणवत नाहीं. मुली विश्वासानें स्वाधीन करणाऱ्या आईबापांचीही कांहीं बाजू होती, आणि रमाबाईंच्या भक्तांनीं ती मान्य करावयास हरकत नसावी.

पण केडगांवाकडे पाहिलें म्हणजे वाद मागें पडतो. १८९६-९७ च्या दुष्काळांत रमाबाई मध्य प्रांतांतून मुली घेऊन आल्या. १९०० च्या सुमारास मुक्तिसदनांत हजाराहून अधिक जीव होते. त्यांत विधवा होत्या, पोरक्या मुली होत्या, आंधळ्या होत्या, म्हाताऱ्या होत्या, आणि समाजानें पतित म्हणून झिडकारलेल्याही होत्या. रमाबाईंनीं या बायकांना नुसती प्रार्थना शिकविली नाहीं. पहाटे उठावें, उपासना करावी, आणि मग कामाला लागावें: कोणी मागावर, कोणी शेतांत, कोणी गोठ्यांत, कोणी छापखान्यांत खिळे जुळवावयास. ज्या विधवेला घरांतल्या कोपऱ्यापलीकडे जागा नव्हती, ती शिशाचे टंक हातांत घेऊन शब्द जुळवूं लागली. तूं ओवाळून टाकलेली नाहींस, देवाला तुझी मोजदाद आहे, हें जिला मनापासून पटलें तिच्या पाठीचा कणा ताठ होतो. हें उपदेशानें होत नाहीं. हातांत काम आणि पाठीशीं कोणीतरी असल्यानें होतें. केडगांवांत दोन्ही होतीं.

रमाबाईंच्या श्रद्धेची कसोटी अगदीं शेवटीं लागली. एकुलती एक मुलगी मनोरमा, जिच्या हातीं सारें काम सोंपवावयाचें, ती १९२१ सालीं वारली. आई त्या वेळीं त्रेसष्ट वर्षांची, कानांनीं अधू झालेली. मराठी बायकांना समजेल अशा सोप्या भाषेंत बायबल उतरविण्याचें काम त्यांनीं हातीं घेतलें होतें. त्यासाठीं उतारवयांत हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला होता. मुलीच्या मागें त्या आठ-नऊ महिने जगल्या. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांचें देहावसान झालें. तें भाषांतर १९२४ सालीं त्यांच्याच छापखान्यांतून बाहेर पडलें. अशा आईला श्रद्धेनें दुःखांतून सोडविलें का, असें विचारलें तर उत्तर नकारार्थीच द्यावें लागेल. दुःख होतेंच. दुसऱ्या दिवशीं सकाळीं उठून कागदापुढें बसण्याचें बळ मात्र तिला मिळालें.

अर्थात् या चित्राला दुसरी बाजू आहे. दुष्काळांत भाकरीसाठीं ख्रिस्ती झालेलीं माणसें होतीं, आणि भाकर स्वस्त होतांच त्यांतलीं कांहीं परत फिरलीं. जातिभेद मोडण्याची प्रतिज्ञा करणाऱ्या मंडळ्यांत लग्नाच्या वेळीं जुनी जात डोकें वर काढते, ही तक्रार ख्रिस्ती सुधारकांनींच अनेकदां केली आहे. आणि ज्या धैर्याचें, क्षमेचें, सेवेचें वर वर्णन आलें तें दुसऱ्या धर्मांच्या घरांत आढळत नाहीं असें कोण म्हणेल? देहूच्या वाण्याला धीर देणारी आवली उपाशी पोटीं भाकर घेऊन डोंगर चढतच होती. टिळकांसारखा मनुष्य ही गोष्ट सर्वांआधीं मान्य करता. ख्रिस्ती श्रद्धेचें वैशिष्ट्य पाहावयाचें तर तें इतकेंच कीं, तींत देव दूरचा नसून जखमी आहे. ज्याच्या हातापायांत खिळे ठोकले गेले, त्याच्यापुढें आपल्या जखमेची लाज वाटत नाहीं. आणि दुसऱ्याची जखम धुतांना आपण त्याचीच सेवा करीत आहों असें श्रद्धावंताला वाटतें.

टिळकांनीं १९१७ सालीं मिशनची पगारी सेवा सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापिला. घरची मिळकत पुन्हां अनिश्चित झाली, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या दृष्टीनें सगळें जुन्या वळणावर आलें. दोन वर्षांनीं, ९ मे १९१९ रोजीं, मुंबईस टिळक वारले. लक्ष्मीबाई त्या वेळीं पन्नाशीच्या होत्या. ज्या समाजांत त्यांचा जन्म झाला त्यांत त्यांच्या पिढीच्या विधवेला केशवपन, अलवण आणि अंधारी खोली यांखेरीज दुसरें कांहीं फारसें राखून ठेविलेलें नसे. लक्ष्मीबाईंनीं मात्र काम केलें, मुलगा-सून-नातवंडांत राहून त्यांनीं कराचीही पाहिली, आणि आयुष्याच्या अखेरीस हातीं लेखणी धरली. लेखणीशीं त्यांचें सख्य कधींच नव्हतें. टिळकांनीं त्यांना शिकविण्याचे जितके बेत केले तितके बहुतेक मास्तरांच्या रागानें व विद्यार्थिनीच्या हंशानें संपले होते.

टिळक मागें एक अपुरा ग्रंथ ठेवून गेले होते. ख्रिस्ताचें चरित्र गाणारें ‘ख्रिस्तायन’. त्याचे दहाएक अध्याय झाले होते. लक्ष्मीबाईंनीं तें बाड काढलें आणि पुढें रचावयास बसल्या. एकामागून एक त्यांनीं चौसष्ट अध्याय रचिले. ज्या धर्माच्या नांवानें नवरा एकदां घरांतून गेला होता, त्याच धर्माच्या देवाचें चरित्र, नवऱ्यानें जेथें लेखणी ठेविली तेथून, ही बाई म्हातारपणीं लिहीत होती. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं त्या वारल्या. ग्रंथ १९३८ सालीं छापून बाहेर पडला, तेव्हां त्याच्या दोघां कर्त्यांपैकीं तो हातांत घेऊन पाहावयास कोणीच उरलें नव्हतें.